बासरीच्या तीन बाजू

१

शुक्रवारी सकाळी दिग्रसच्या गावंडे हॉस्पिटलात दोन गोष्टी एका तासाच्या आत उघडकीला आल्या. आदल्या दिवशी पायाचं ऑपरेशन झालेल्या प्रेमसिंगला उजवं पाऊल वर उचलता येईना. आणि ऑपरेशन थिएटरातला गाण्याचा डबा जागेवरून नाहीसा झाला होता.

पावलाची गोष्ट गंभीर होती, डब्याची विचित्र. मॉनिटर, भुलीचं यंत्र, हाडाला भोक पाडायचं ड्रिल असल्या महागड्या वस्तू ज्या खोलीत उघड्यावर असतात, तिथून बासरी वाजवणारा एक काळा प्लास्टिकचा डबा तेवढा कोणी का न्यावा?

हे मला दुपारी दीपाने सांगितलं. ती थिएटरची नर्स. आठ वर्षांपूर्वी शिकून आली, पहिली दोन वर्षं माझ्या हाताखाली होती. मग मी निवृत्त झाले. आम्ही दोघी एकाच तांड्यातल्या, म्हणून ती मला मावशी म्हणते. त्या दिवशी ती माझ्या घरच्या ओट्यावर बसली ती पाणीसुद्धा प्यायली नाही.

"मावशी, डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठी तयार ठेवली आहे. सोमवारी सही कर म्हणतात. मी पट्टा वेळेवर सोडला नाही, रजिस्टरात खोटी वेळ लिहिली, अन् डबा पण मीच नेला, असं सगळं त्यात आहे."

पट्टा म्हणजे काय ते आधी सांगते. हाताच्या किंवा पायाच्या हाडाचं ऑपरेशन असलं की वरच्या बाजूला एक रुंद पट्टा बांधतात आणि पंपाने त्यात हवा भरतात. त्याने खालचं रक्त थांबतं, सर्जनला हाड स्वच्छ दिसतं. पण रक्त फार वेळ थांबवून चालत नाही. आमच्याकडे दीड तासाची शिस्त होती. दोन तासांच्या पुढे गेलं की नसा दुखावतात आणि पाऊल लुळं पडू शकतं. प्रेमसिंगचं पडलं होतं तसंच.

"त्या चिठ्ठीवर सही केली तर माझं रजिस्ट्रेशन जाईल," दीपा म्हणाली. "मग मी कुठे जाऊ? पुन्हा ऊसतोडीला?"

"रजिस्टरात काय लिहिलंस?"

"दहा वाजून दहा मिनिटांनी हवा भरली. अकरा चाळीसला सोडली. नव्वद मिनिटं."

"खरं आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की भीती, मला ठरवता आलं नाही.

"तुम्ही शिकवलं तसंच केलं, मावशी. तिसरी बाजू संपली अन् मी पट्टा सोडायला सांगितला. देवाशपथ, तीनच बाजू झाल्या."

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कारण ती बाजूंची पद्धत हॉस्पिटलाबाहेर कोणाला ठाऊक नव्हती, आणि हॉस्पिटलात ती सगळ्यांना शिकवणारी मी होते.

२

आताचे डॉक्टरसाहेब म्हणजे इंद्रजीत. त्याचे वडील डॉक्टर रामराव गावंडे यांच्या काळातली ती पद्धत. रामराव गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. राळेगाव, झरी जामणी कुठून कुठून माणसं मिळेल त्या गाडीत घालून मोडके पाय आणायची आणि रामराव ते जोडायचे. त्यांना थिएटरात बासरी लागायची. एकदा मी विचारलं, "डॉक्टर, गाण्याने तुमचा हात चांगला चालतो का?" ते म्हणाले, "माझा हात माझा चालतो. गाणं तुमच्यासाठी आहे. गाणं चालू असलं की तुम्ही सगळ्या कमी बोलता."

पण ते पूर्ण खरं नव्हतं. द्रुत लय सुरू झाली की त्यांचे टाके भराभर पडायचे आणि विलंबितात त्यांची मान खाली झुकून स्थिर व्हायची, हे मी पस्तीस वर्षं बघितलं आहे. म्हणून अवघड केसला मी मुद्दाम संथ कॅसेट लावायची. त्यांना कधी कळलं नाही.

थिएटरात त्यांनी घड्याळ ठेवू दिलं नाही. "घड्याळ दिसलं की हात घाई करतो," म्हणायचे. घड्याळ बाहेर पॅसेजमध्ये. हवा भरताना दाराच्या काचेतून वेळ बघायची आणि त्याच क्षणी कॅसेटची बाजू सुरू करायची. एक बाजू तीस मिनिटांची. बाजू संपली की बटण 'टक्' करून वर यायचं. तीन टक् म्हणजे नव्वद मिनिटं. पट्टा सोडल्याची वेळही त्या बेरजेनेच लिहायची. हातमोजे घातलेले, डोळे जखमेत. कान तेवढे मोकळे. त्यामुळे कानांनी वेळ मोजायची. डॉक्टर मान वर न करता विचारायचे, "कितवी?" आणि मी सांगायची, "दुसरी." आम्हाला त्याचा अभिमान होता.

तीन महिन्यांपूर्वी कॅसेट प्लेअर कायमचा बिघडला. इंद्रजीतने काळा डबा आणला आणि वडिलांच्या सगळ्या कॅसेटी यवतमाळच्या एका दुकानातून जशाच्या तशा पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. शेवटचा टक्सुद्धा त्यात आला. दीपाने मला फोन करून सांगितलं होतं, "मावशी, डबा नवा आहे, पण टक् जुनाच आहे." तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो.

शनिवारी सकाळी मी हॉस्पिटलात गेले. थिएटरचं रजिस्टर मागितलं. मला कोणी अडवलं नाही. त्या रजिस्टराची पहिली चाळीस पानं... पानं कसली, पहिली चाळीस पुस्तकंच माझ्या हातची आहेत.

दीपाचं अक्षर सुबक. गुरुवारची नोंद तिने सांगितली तशीच होती. खाडाखोड नाही. मी मागची पानं चाळली. पट्ट्याची वेळ तीस, साठ, नव्वद. साठ, नव्वद, तीस. एकही सत्तावीस नाही की चौतीस नाही. बाहेरच्या कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, ही बाई घरी बसून आकडे भरते. मला माहीत होतं की ती भरत नव्हती, ऐकत होती.

मग मी वॉर्डाचं रजिस्टर उघडलं. ते वेगळ्या नर्सकडे असतं, आणि वॉर्डात घड्याळ भिंतीवर आहे. तिथे लिहिलं होतं: प्रेमसिंग, थिएटरातून आला, दुपारी एक पंधरा.

अकरा चाळीसला पट्टा सोडला. त्यानंतर जखम धुणं, टाके, प्लास्टर. इंद्रजीतला त्याला पाऊण तास लागतो. मग बारा पंचवीसला तो वॉर्डात हवा होता.

मधली पन्नास मिनिटं कुठे गेली?

३

इंद्रजीत केबिनमध्ये होता. त्याला मी शाळेच्या गणवेशात पाहिलेलं आहे. एकटे असलो की त्याला अरे-तुरे करते, लोकांसमोर डॉक्टर म्हणते.

"पुष्पामावशी, तुम्ही यात पडू नका," तो म्हणाला. "दीपा तुमची, मला माहीत आहे."

"माझी नाही रे, हॉस्पिटलची आहे. पेशंट वॉर्डात इतक्या उशिरा कसा गेला?"

"स्ट्रेचर मोकळं नव्हतं."

"गुरुवारी दोनच ऑपरेशनं होती ना?"

तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. "मावशी, प्रेमसिंगच्या घरचे तक्रार करणार. मला कोणीतरी जबाबदार दाखवावं लागेल."

"कोणीतरी?"

"जी जबाबदार आहे ती."

त्याने वाक्य दुरुस्त केलं, पण उशिरा. मी डब्याचं विचारलं. थिएटरच्या दोन किल्ल्या, एक दीपाकडे, एक बाबुलालकडे, एवढंच तो म्हणाला. बाबुलाल म्हणजे थिएटरचा अटेंडंट. पंप मारणं, दिवा हलवणं, गाणं लावणं ही कामं त्याची, रामरावांच्या वेळेपासून.

बाहेर पॅसेजमध्ये डॉक्टर अपेक्षा भेटली. ही भूलतज्ज्ञ. तरुण आहे, हुशार आहे, आणि दिग्रसमध्ये रोज येणारी एकटीच आहे. सहा दवाखान्यांची ऑपरेशनं तिच्या भरवशावर चालतात. ती नेहमीसारखी घाईत होती, पर्स खांद्याला, गाडीची किल्ली बोटात.

"सिस्टर, नमस्कार. दीपाचं ऐकून फार वाईट वाटलं."

"मॅडम, पट्ट्याची वेळ भुलीच्या कागदावर पण असते ना?"

"असते की. दहा दहा ते अकरा चाळीस. माझी आणि तिची नोंद जुळते." हे तिने फार लवकर सांगितलं.

"मग ती चुकली कुठे?"

 अपेक्षाच्या तोंडून काहीतरी बाहेर येणार होतं, ते तिने गिळलं. "ते डॉक्टरसाहेबांना विचारा," म्हणाली आणि निघून गेली.

केसपेपर वॉर्डात होता. मी भुलीचा कागद पाहिला. दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब. दहा पाच, दहा दहा, दहा पंधरा... थेट शेवटपर्यंत. सगळे आकडे एका पेनाचे, एका दाबाचे, एका ओळीत. खऱ्या कागदावर कुठेतरी आकडा घसरतो, सलाईनचा थेंब सांडतो, घाईत दहा मिनिटांची उडी पडते. हा कागद एका बैठकीत लिहिलेला होता. आणि पट्ट्याची वेळ जुळली याचं कारण, ती दीपाच्या रजिस्टरातून उतरवली होती.

म्हणजे दोन साक्षी नव्हत्याच. साक्ष एक आणि तिची नक्कल एक.

पण कागद मागाहून लिहावा का लागला? जी बाई पेशंटच्या डोक्याशी बसलेली असते, ती तिथल्या तिथे लिहिते. बसलेली असली तर.

आणि दीपाने मला हे का नाही सांगितलं? मी जिन्यावर थांबले. पहिल्यांदाच मनात आलं की ही पोरगी माझ्यापासून काहीतरी लपवते आहे.

४

थिएटरात त्या दिवशी किती माणसं होती? इंद्रजीत, अपेक्षा, दीपा, बाबुलाल. सगळे चारच मोजत होते. मी जिन्यावर उभी राहून मोजलं आणि पाच झाले. पाचवा टेबलावर होता. त्याला पाठीतली भूल दिली होती, म्हणजे कमरेखाली बधिर, वर पूर्ण जागा. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

प्रेमसिंग खिडकीजवळच्या खाटेवर होता. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी चढवताना पडून नडगी मोडलेली. बायको जमनी पायथ्याशी बसून त्याच्या पावलाला तेल चोळत होती. मी आमच्या बोलीत रामराम केला, गाव-तांडा विचारला, तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला.

"तुमी बी दवाखान्याच्याच ना?" तरी ती म्हणाली. "इथी जो येते तो गोडच बोलते. अन् पाय काही हालत नाही."

"मी आता कोणाची नाही. मला फक्त सांगा, ऑपरेशन चालू असताना काय काय ऐकू आलं?"

प्रेमसिंग हसला. "लय झकास होतं बाई. बासरी वाजून राह्यली होती. मी म्हटलं बाबुलालले, आपल्या तांड्याचं एखादं लेंगी गाणं लाव ना बाप्पा. तो म्हणे, गप राह्य, होळी हाय का आज?"

"मग?"

"मग मॅडमले फोन आला. 'सिझर' का काय म्हणे. त्या डॉक्टरले म्हणाल्या, मी आत्ता आली. अन् गेल्या."

जमनीचा हात थांबला. "मले नाही सांगतलं तुमी हे."

"तू इचारलं काहून नाही? डॉक्टर म्हणे, आता आवाज नको, मशीन ऐकू येऊ द्या. तं बासरी बंद. नुसतं टीं टीं टीं. तवा मले भेव वाटलं. डॉक्टरची बी तऱ्हा बदलली. पयले गुणगुणून राह्यला होता, मंग घडी घडी म्हणे, पकड नीट, पकड नीट. दीपाबाईले एकदा खेकसला बी."

"किती वेळ बंद होती बासरी?"

"काय मालूम? लय वेळ. मॅडम परत आल्या तवा पुन्हा वाजली."

"मॅडम गेल्या तेव्हा पहिला टक् होऊन गेला होता का?"

"हो. एक टक् झाला होता. मी बाबुलालले इचारलं बी, हे काय मोडलं? तो म्हणे, मोडलं नाही, पान पलटलं."

मी उठले. जमनीने माझा पदर धरला. "बाई, खरं सांगजा. पाय येईल का परत?"

"बहुतेक येतो. महिने लागतील. व्यायाम करावा लागेल." मी खरं तेवढंच सांगितलं.

"अन् हे झालं कोणामुळं?"

त्याचं उत्तर मला अजून द्यायचं नव्हतं. कारण ते ज्या दिशेने चाललं होतं, ती दिशा मला आवडत नव्हती.

५

गुरुवारी सकाळी दिग्रसमध्ये सिझर झालेलं घर शोधायला मला अर्धा तास लागला. शकुबाईला नातू झाला होता. शकुबाईची पाचही बाळंतपणं मी पाहिलेली. तिच्या सुनेला प्रसूतिगृहातून अजून सोडलं नव्हतं, पण ती स्वतः डिंकाचे लाडू वळायला घरी आली होती.

"नातवाची वेळ किती गं?" मी विचारलं. "नावाला कोणतं अक्षर येतं?"

"थांब, लिहूनच ठेवलं." तिने देव्हाऱ्यातून चिठ्ठी काढली. पत्रिकेसाठी वेळ लागते. ती कोणी अंदाजाने घेत नाही. "अकरा वाजून बावीस मिनिटं. मी दाराशी घड्याळ धरूनच उभी होती. नर्सले म्हटलं, रडला की आधी मले आवाज दे."

"भूल कोणी दिली?"

"त्याच त्या लगबगीच्या मॅडम. अपेक्षा. आल्या, सुई टोचली, पोरगं निघालं तसं म्हणाल्या, सगळं ठीक हाय, अन् गेल्या बी. भारी गुणाची हाय, पण बसत नाही कुठी."

अकरा बावीस. आणि प्रेमसिंगच्या कागदावर अपेक्षाच्या अक्षरात अकरा वीसचा रक्तदाब होता, अकरा पंचवीसचाही होता. एक बाई दोन दवाखान्यांत होती, असा तो कागद सांगत होता.

ती गेली होती हे सिद्ध झालं. पण त्याने दीपा सुटत नव्हती. उलट कोणीही म्हटलं असतं, मॅडम नव्हत्या तर पट्टा बघायचं काम दीपाचंच. आणि दीपा शपथेवर सांगत होती की तीन बाजू झाल्या.

मी बाबुलालच्या घरी गेले. तो अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होता. मला बघून शेंगा सोडून उभा राहिला.

"सिस्टर, तुमी कायले आल्या? मले निरोप धाडला असता."

"डबा आण, बाबुलाल."

"कोणता डबा?"

"तू तीस वर्षांत एक कापसाचा बोळा घरी नेला नाहीस. हा डबा नेलास, तो विकायला नाही नेलास. आण."

तो आत गेला आणि धान्याच्या कोठीमागून पिशवीत गुंडाळलेला डबा घेऊन आला. त्याने तो माझ्यासमोर ठेवला.

"डॉक्टर म्हणाले, आवाज नको. जुन्या मशीनले गोल खुंटी होती, ती फिरवून मी आवाज बारीक करत होतो. ह्याले तशी खुंटी नाही. मी घाबरत मधलं मोठं बटण दाबलं. बंद झालं. मंग मॅडम आल्या, पुन्हा तेच दाबलं, चालू झालं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा पाय पाह्यला अन् मले वाटलं, मी डबा बंद केला त्यानंच काहीतरी इपरीत झालं. काय ते मले नाही समजलं, सिस्टर. पण भेव वाटलं म्हणून उचलून आणला. दीपाबाईवर आळ येईल हे नाही मनात आलं, माह्या लेकराची शपथ."

"आता दाब ते बटण."

त्याने दाबलं. बासरी सुरू झाली. पहिल्या सुरापासून नाही. मधूनच, एका तानेच्या अर्ध्यावर. गुरुवारी थिएटर आवरताना जिथे बंद केली होती, बरोबर तिथून.

मी अंगणातल्या खाटेवर बसले. मला सगळं समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

६

सोमवारी केबिनमध्ये इंद्रजीत, अपेक्षा, बाबुलाल आणि दीपा होते. चिठ्ठी टेबलावर, तिच्यावर पेन. मी शकुबाईची चिठ्ठी तिच्या शेजारी ठेवली.

"ही एका बाळाची जन्मवेळ आहे," मी म्हणाले. "अकरा बावीस. भूल डॉक्टर अपेक्षांची."

अपेक्षाने डोळे मिटले. इंद्रजीत काही बोलायला गेला, तिने हाताने थांबवलं.

"हवा भरली दहा दहाला. पहिली बाजू दहा चाळीसला संपली. दुसरी सुरू असताना मॅडमना फोन आला. पेशंटच्या डोक्याशी कोणी राहिलं नाही, म्हणून मॉनिटर ऐकू यायला हवा होता, म्हणून डॉक्टरांनी आवाज नको म्हटलं. बाबुलालने आवाज कमी केला नाही, डबाच थांबवला. आवाज कमी केला की कॅसेट चालूच राहते. डबा थांबवला की बाजूही थांबते. मॅडम आल्या तेव्हा ती होती तिथूनच पुढे सुरू झाली. मधली पन्नास मिनिटं कोणाच्याच कानात पडली नाहीत. तिसरा टक् अकरा चाळीसला नाही, साडेबाराला झाला. म्हणून पेशंट वॉर्डात सव्वाला गेला. पट्टा दोन तास वीस मिनिटं होता."

दीपा भिंतीला टेकली. "मला वाटलं आवाजच कमी केला आहे," ती हळू म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं, ऐकू नाही आली तरी बाजू चालूच असते. दोन्ही हातांनी स्नायू ओढून धरले होते. मला वाटलं, परत मोठी झाली एवढंच."

"मॅडम गेल्याचं मला का नाही सांगितलंस?"

"त्या नेहमीच जातात, मावशी. सगळेच दवाखाने त्यांना बोलावतात. त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं."

ती लपवत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. रोज घडणारी गोष्ट माणसाला दिसेनाशी होते.

"इंद्रजीत," मी म्हणाले, आणि लोकांसमोर पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली. "तू त्या दिवशी दीपाला विचारलं होतंस का, कितवी?"

 तो म्हणाला, "विचारलं. ती म्हणाली, तिसरी. मीही बाबांसारखंच विचारतो." तो पुढे म्हणाला, "शुक्रवारी पाऊल पाहिलं तेव्हाच लक्षात आलं. पण मॅडमचं बाहेर आलं तर त्या इथे येणं सोडतील. सहा दवाखाने बंद पडतील. एका नर्सवर..."

"एका नर्सवर निभावून न्यावं वाटलं."

"हो."

"मी खरा कागद लिहून देते," अपेक्षा म्हणाली.  "कोण कधी नव्हतं ते सगळं. इथे मला बोलावणं बंद केलंत तरी चालेल."

चिठ्ठी अजून टेबलावर होती. मी पेन उचललं आणि दीपाचं नाव खोडलं.

"इथे नाव लिहायचंच असेल तर माझं लिहा. घड्याळाकडे बघू नकोस, कानावर भरवसा ठेव, हे तिला मी शिकवलं. रामरावांनी मला शिकवलं होतं आणि मी ते देवाच्या प्रसादासारखं पुढे दिलं. गाणं कधी थांबलंच तर काय, हा प्रश्न पस्तीस वर्षांत मला सुचला नाही. ते कधी थांबलं नव्हतं ना."

"नाही, मावशी," दीपा म्हणाली. "शिकवलं तुम्ही, पण अकरा चाळीस लिहिलं मी. न बघता लिहिलं. ते मीच सांगणार. आणि इथे नाही, तिथे."

ती वॉर्डाकडे निघाली. तिला अडवायचा धीर कोणालाच झाला नाही. आम्ही सगळे तिच्या मागून गेलो, इंद्रजीत सगळ्यात शेवटी.

प्रेमसिंगच्या खाटेपाशी तिने हात जोडले नाहीत की रडली नाही. तिने साध्या शब्दांत सगळं सांगितलं: मॅडम गेल्या, बासरी थांबली, तिने वेळ बघितली नाही, पट्टा पन्नास मिनिटं जास्त राहिला. इंद्रजीतने मान खाली घालून म्हटलं, "आणि मी हे तीन दिवस लपवलं. व्यायामाचा, औषधाचा सगळा खर्च हॉस्पिटल करेल. तुम्हाला तक्रार करायची तर करा, मी कागद देतो."

प्रेमसिंग बायकोकडे बघत राहिला. जमनीने आधी इंद्रजीतकडे पाहिलं, मग अपेक्षाकडे, मग बराच वेळ दीपाकडे.

"तक्रार तं करीनच," ती म्हणाली. "पाय माह्या मालकाचा हाय, कोंबडीचा नाही. कागद द्या, जे खरं हाय ते लिहून."

इंद्रजीतने मान हलवली.

"अन् अजून एक. तुमी हिले काढून टाकून राह्यले म्हणे? काढू नका. रोज याच्या पायाचा व्यायाम हीच घेईल. दुसऱ्या कोणाच्या हाती मी हा पाय देणार नाही. चार दिवस इथी बसून राह्यली मी, इतक्या जणांत खरं सांगाले ही एकटीच आली."

"मी रोज येईन, भाभी," दीपा म्हणाली.

"येशीलच," जमनी म्हणाली आणि खाटेच्या कडेला सरकून तिला जागा करून दिली. "बस. अन् मले दाखव, अंगठा कुठून धरायचा ते."